पायी चालविण्याच्या स्नोब्लोअरवरील कॅब : निवड, जोडणी आणि वापर

ईरी आणि ऑन्टॅरिओ ह्या दोन सरोवरांच्या काठी, बफेलोपासून सिरॅक्यूजपर्यंतच्या पट्ट्यात, ज्यांनी घर केले आहे त्यांना हिवाळ्याचे वर्णन करून सांगण्याचे प्रयोजन नाही. कोरडे, थंड वारे ह्या सरोवरांच्या तुलनेने उबदार पाण्यावरून वाहताना बाष्प उचलतात आणि काठ ओलांडताच ते बर्फाच्या रूपाने खाली टाकतात. ह्या कारणामुळे सिरॅक्यूजसारख्या शहरात एका मोसमात सरासरीने दहा फुटांच्या आसपास बर्फ पडतो, आणि नोव्हेंबर २०२२ मधील एकाच वादळात बफेलोनजीकच्या ऑर्चर्ड पार्क येथे सहा फुटांहून अधिक बर्फ पडल्याची नोंद आहे. एवढा बर्फ फावड्याने उपसणे तरुण मनुष्याच्याही आवाक्याबाहेरचे असल्याने ह्या भागात घरोघरी बर्फ उडविण्याचे यंत्र, म्हणजे स्नोब्लोअर, बाळगतात. आणि त्या यंत्रामागून चालणाऱ्या इसमाच्या तोंडावर तोच बर्फ वाऱ्याने परत येऊन आदळू नये म्हणून यंत्राच्या मुठीभोवती कापड आणि पारदर्शक प्लॅस्टिक ह्यांचा जो आडोसा बसवितात, त्यास कॅब म्हणतात. महाराष्ट्रातून नोकरीच्या निमित्ताने ह्या मुलखात येऊन स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना ह्या यंत्राचे धडे शेजाऱ्यांप्रमाणे वडिलांच्या हाताखाली मिळालेले नसतात. दुकानातून खोके आणावे, पुस्तिका वरवर चाळावी आणि पहिल्या हिमवादळात प्रयोग करावा, असाच बहुधा क्रम असतो. त्यांच्यासाठी, आणि मिनेसोटा असो वा क्वेबेक, अशा कोणत्याही हिमप्रदेशात नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्यांसाठी, हे विवेचन आहे.

सारांश आरंभीच सांगून टाकतो. कॅब गारठ्यापासून आणि उडत्या बर्फापासून माणसाचे रक्षण करते. यंत्रापासून ती कोणाचेही रक्षण करीत नाही. उलट, यंत्राजवळ सावध राहण्यास जे जे लागते, म्हणजे स्वच्छ दृष्टी, उघडे कान, मोकळी हवा आणि चटकन बाजूला होण्याची मुभा, त्या चारही गोष्टींत ती थोडथोडी कपात करते. ही कपात कोठे व किती होते हे ओळखून ती अन्य उपायांनी भरून काढणे, ह्यातच कॅबच्या वापराचे सारे शास्त्र आले.

यंत्र आणि त्याची रचना

क्वेबेक प्रांतातील आर्थर सिकार ह्याने १९२५ साली बर्फ उडविण्याचे स्वयंचलित यंत्र सिद्ध केले आणि १९२७ साली माँट्रियलला लागून असलेल्या उत्रेमाँ ह्या नगराने ते विकत घेतले. ते यंत्र मालमोटारीच्या सांगाड्यावर बसविलेले आणि सार्वजनिक रस्त्यांसाठी योजलेले होते. पुढे गृहस्थाच्या अंगणापुरते लहान यंत्र निघाले, आणि १९६० साली विस्कॉन्सिन राज्यातील ब्रिलियन गावच्या एरियन्स कंपनीने आपले दोन टप्प्यांचे यंत्र बाजारात आणले, तेव्हापासून ही जात उत्तर अमेरिकेत घरोघरी रुळली. यंत्र लहान झाले, परवडण्याजोगे झाले. मात्र चालक गाडीतून उतरून उघड्यावर आला. कॅबची गरज उत्पन्न झाली ती येथे.

दोन टप्प्यांच्या यंत्राच्या पुढच्या पेटीत आडवे फिरणारे दातेरी मळसूत्र असते. त्यास ऑगर म्हणतात. ते साचलेला बर्फ फोडून मध्यभागी ओढते, आणि त्यामागे वेगाने फिरणारा इम्पेलर नावाचा पंखा तो बर्फ उचलून शूटमधून, म्हणजे डावी-उजवीकडे वळविता येणाऱ्या नळकांड्यातून, तीस-चाळीस फुटांवर भिरकावतो. पंख्यामागे इंजिन, इंजिनामागे मूठ आणि मुठीमागे माणूस, असा हा क्रम आहे. मुठीवर दोन दांड्या असतात: एकीने चाके चालतात, दुसरीने ऑगर आणि पंखा. दांडी दाबून धरली तरच यंत्र काम करते, हात सुटला की थांबते. ही योजना मुद्दाम केलेली आहे, कारण घसरून पडणाऱ्या माणसाला यंत्र बंद करण्याचे भान राहात नाही, परंतु त्याचा हात मात्र आपोआप सुटतो.

कॅबची रचना ह्या मुठीच्याच आधाराने उभी राहते. पोलादी वा अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा चौकटवजा सांगाडा हँडलला नट-बोल्टांनी आवळलेला, त्यावर जाड जलरोधक कापड, समोर व बहुतेक नमुन्यांत दोन्ही बाजूंस पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडक्या, डोक्यावर छत, आणि पाठीमागची बाजू पूर्ण मोकळी. ही मोकळी बाजू उत्पादकाची काटकसर नव्हे. चालकाच्या प्राणरक्षणाची सर्वांत महत्त्वाची तरतूद तीच आहे, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

थंडीचा बोचरेपणा केवळ तपमानावर अवलंबून नसतो, तो वाऱ्याच्या वेगाने वाढतो. अमेरिका आणि कॅनडा ह्या दोन्ही देशांच्या हवामानखात्यांनी २००१ सालापासून स्वीकारलेल्या कोष्टकाप्रमाणे हवेचे तपमान उणे २० अंश सेल्सिअस असता ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ते उणे ३३ अंशांसारखे जाणवते, आणि अशा स्थितीत दहा ते तीस मिनिटांत कान, नाक, गाल ह्यांना हिमदंश होण्याचा संभव असतो. ज्याचा ड्राइव्हवे लांब आहे, ज्याचे घर उघड्या माळावर अथवा सरोवराच्या वाऱ्याच्या तोंडी आहे, आणि ज्याला एका खेपेस तास-दीड तास बाहेर उभे राहिल्यावाचून गत्यंतर नाही, त्याने कॅब अवश्य घ्यावी. चष्मा लावणाऱ्यास तर तिचा उपयोग दुप्पट, कारण उलटून आलेला बर्फ काचांवर वितळून पुन्हा गोठला की माणूस काही काळ आंधळाच होतो.

ह्याउलट ज्याचे अंगण दोन मोटारी उभ्या राहतील एवढेच आहे, शेजारच्या घरांमुळे ज्याला वाऱ्याचा आडोसा आयताच मिळतो, त्याने हा खटाटोप करू नये. तेवढ्याच पैशांत चांगले जाकीट, जलरोधक हातमोजे आणि बर्फावर खेळणाऱ्यांचा डोळ्यांवरचा चष्मा ही खरेदी अधिक फलदायी ठरते. एका टप्प्याच्या हलक्या यंत्राची मूठ हा भार सोसण्यासाठी केलेली नसते, त्यामुळे तशा यंत्रावर उत्पादकाच्या स्पष्ट शिफारशीवाचून कॅब चढवू नये. ज्यास समोरच्या झोतापुरतेच संरक्षण हवे आहे, त्याच्यासाठी केवळ पुढची खिडकी असलेला अर्धा आडोसाही मिळतो, आणि मध्यम गरजेच्या माणसाला तो पूर्ण कॅबपेक्षा सोयीचा पडतो, कारण त्याने बाजूची नजर झाकली जात नाही.

खरेदीपूर्वी तीन मापे कागदावर लिहून घ्यावीत. पहिले, हँडलच्या दोन्ही भुजांमधील अंतर आणि त्या नळीची जाडी. सर्व यंत्रांना बसते असे खोक्यावर छापलेले असले तरी सांगाड्याच्या पकडी ठराविक जाडीच्याच नळीवर घट्ट बसतात. दुसरे, शूट फिरविण्याची दांडी कोठून येते ते. काही यंत्रांत ती मध्यभागातून वर येते, काहींत बाजूने, आणि कॅबच्या पुढील कापडात तिच्यासाठी ठेवलेली फट त्याच जागी असावी लागते. तिसरे माप दरवाजाचे. येथील गॅरेजचे दार सामान्यतः सात फूट उंचीचे असते आणि त्याखालून कॅबसकट यंत्र निघते. पण अंगणातल्या लाकडी खोपटाचे दार त्याहून बुटके असते, आणि यंत्र तेथे ठेवणाऱ्याला ही गोष्ट सारी जोडणी पुरी झाल्यानंतर उमजली, तर सगळा खेळ पुन्हा मांडावा लागतो. यंत्राच्याच कंपनीची कॅब उपलब्ध असेल तर थोडे अधिक पैसे मोजून तीच घ्यावी, हे बरे.

जोडणी

जोडणी ऑक्टोबर महिन्यात, कोरड्या दिवशी, निवांतपणे करावी. पारदर्शक प्लॅस्टिक थंडीत ताठरते. शून्याखालच्या हवेत त्याची घडी उलगडू गेल्यास ते घडीवरच तडकते, म्हणून खोके आदल्या रात्री घरात आणून ठेवावे आणि कापड ऊबदार असतानाच सांगाड्यावर चढवावे. यंत्र मात्र घरात आणू नये. टाकीत पेट्रोल असलेले यंत्र घराच्या आत नेणे केव्हाही धोक्याचे. काम सुरू करण्यापूर्वी किल्ली काढून खिशात टाकावी आणि स्पार्क प्लगची वायर सोडवून बाजूला ठेवावी.

सर्व पकडी प्रथम हातानेच सैल बसवाव्यात, सांगाडा सरळ उभा आहे ना हे दोन पावले मागे जाऊन पाहावे, आणि मगच पान्याने आळीपाळीने डावी-उजवी बाजू आवळावी. पकड आणि नळी ह्यांच्या दरम्यान कोणतीही केबल चिमटली जाऊ नये, कारण दांड्यांपासून खाली जाणाऱ्या ह्याच केबलींवर यंत्राचे थांबणे अवलंबून असते. इंजिनाच्या कंपाने नवे नट सैल होतात, म्हणून पहिल्या तासाभराच्या कामानंतर ते सारे पुन्हा एकदा आवळणे हा जोडणीचाच भाग समजावा.

जोडणी झाल्यावर चार परीक्षा घ्याव्यात. पहिली दांड्यांची: दोन्ही दांड्या दाबून सोडाव्यात आणि त्या कापडाला अथवा नळीला न अडखळता टुणकन वर येतात हे पाहावे, नंतर मोकळ्या जागी, समोर कोणी नसता, यंत्र चालू करून ऑगरची दांडी सोडावी आणि ऑगर पाच सेकंदांच्या आत थांबतो की नाही ते मोजावे. तो न थांबल्यास दोष सापडेतोवर यंत्र वापरू नये. दुसरी परीक्षा शूटची: नळकांडे पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे, आणि त्याचे तोंड खाली-वर फिरवून, ते कोठेही कॅबच्या कापडाला घासत नाही ह्याची खात्री करावी. तिसरी सायलेन्सरची: काही मिनिटांत तो हात भाजेल इतका तापतो, म्हणून कापडाचा पदर किंवा लोंबणारी नाडी त्याच्या आसपास असता कामा नये, आणि जास्तीची नाडी कात्रीने कापून टाकावी. चौथी परीक्षा दिव्याची: पुढच्या कापडाने यंत्राचा दिवा झाकला जात नाही ना, आणि त्याचा उजेड खिडकीच्या प्लॅस्टिकवर परावर्तित होऊन चालकाचेच डोळे दिपवीत नाही ना, हे अंधार पडल्यावर पाहावे. पहाटे कामावर जाण्यापूर्वी बर्फ काढणाऱ्याला ह्या परीक्षेचे महत्त्व सांगावयास नकोच.

आणखी एक परिणाम लक्षात ठेवावयाचा. कॅबचे सारे वजन हँडलवर, म्हणजे चाकांच्या मागे पडते, आणि त्यामुळे यंत्राचे पुढचे तोंड हलके होते. मऊ, कोरड्या बर्फात हा फरक जाणवतही नाही. पण दडपलेल्या, गोठलेल्या थरावर यंत्र आत शिरण्याऐवजी त्यावर चढू लागते. हँडलवर जोर दिल्याने हा दोष वाढतो. वेग कमी करावा, थर दोन हप्त्यांत काढावा, आणि एवढ्याने भागले नाही तर यंत्राच्या कंपनीकडून पुढच्या पेटीवर बसवावयाचे वजन मागवावे.

धुराचा बंदोबस्त

आता त्या मोकळ्या पाठीचे कारण. पेट्रोलच्या इंजिनातून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक बळाने चिकटतो. हे इंजिन चालकाच्या पुढ्यातच, हाताच्या अंतरावर असते. यंत्र पुढे सरकत आहे आणि हवा खेळती आहे तोवर धूर विरून जातो. परंतु यंत्र एका जागी उभे करून, समोरून हलका वारा येत असता, ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवून कॅबमध्ये टेकून उभे राहिले, तर तोच धूर कापडाच्या कडांमधून आत येऊन छताखाली साठू शकतो.

म्हणून ह्या बाबतीत नियम कडक असावेत. कॅबच्या मागे पडदा, शाल, ताडपत्री असे काहीही लावू नये, थंडी कितीही असो. इंजिन गॅरेजच्या आत चालू करू नये. दार उघडे आहे ही सबब चालत नाही, कारण तेथील धूर घरातही शिरतो. यंत्र ढकलत बाहेर आणावे, चोक देऊन तेथेच चालू करावे, आणि विजेच्या स्टार्टरसाठी जोडलेली वायर प्रथम काढून मगच हलावे. थोडा वेळ थांबावयाचे असल्यास इंजिन बंद करावे, किंवा निदान आपण तरी यंत्रापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगास जावे. काम करता करता डोके दुखू लागले, गरगरले, मळमळले, तर ते थंडीचे वा उपाशी पोटाचे लक्षण आहे असे समजून दामटू नये. यंत्र सोडून मोकळ्या हवेत यावे, घरातल्या माणसांस सांगावे, आणि त्रास न थांबल्यास वैद्यकीय मदत मागवावी. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांस हा धुराचा धोका नाही; बाकीचे सर्व नियम त्यांनाही लागू आहेत.

प्रत्यक्ष काम

कॅब आहे म्हणून वाऱ्याचा विचार सोडता येत नाही, उलट तो अधिक करावा लागतो. वारा ज्या दिशेस वाहतो त्या दिशेसच बर्फ फेकावा. वाऱ्याच्या तोंडावर फेकलेला बर्फ दोन-चार सेकंदांत पुढच्या खिडकीवर येऊन बसतो, आणि मग कॅबमुळे अंग कोरडे राहिले तरी समोरचे काहीच दिसत नाही. वारा पाठीमागून आला तर तो मोकळ्या बाजूने आत शिरतो आणि वाऱ्यात उघडी धरलेली छत्री जशी हाताला हिसके देते तशी कॅब हँडलला देते. शक्य असेल तेव्हा पट्टे असे आखावेत की वारा बाजूने लागेल आणि बर्फ त्याच्याच अंगाने दूर जाईल. सोसाट्याच्या वाऱ्यात, विशेषतः उतारावर, वादळाचा जोर ओसरेपर्यंत घरात बसणे हेच उत्तम. उडून येणारा बर्फ मागे साचतच असेल तर पुढचे कष्ट व्यर्थच जातात.

बर्फ कोठे टाकावा ह्यालाही मर्यादा आहेत. ऑन्टॅरिओ प्रांतात वाहतुकीच्या कायद्याच्या १८१व्या कलमाने, रस्त्याची देखभाल करणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून रस्त्यावर बर्फ टाकण्यास मनाई आहे, आणि अनेक नगरपालिकांचेही असेच कायदेकानू असतात. शेजाऱ्याचे अंगण, उभी मोटार, घराची खिडकी आणि चालता मनुष्य ह्यांच्या दिशेस शूटचे तोंड कधीही असू नये. बर्फात दडलेला खडा किंवा मुलांचे मोडके खेळणे त्यातून गोळीच्या वेगाने बाहेर पडते. प्रत्येक वळणावर शूटचे तोंड कोठे आहे हे डोळ्यांनी पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण खिडकीवर बर्फ असता नुसत्या दांडीच्या स्थितीवरून त्याचा अंदाज चुकतो.

ड्राइव्हवेच्या तोंडाशी, नगरपालिकेची बर्फ लोटणारी गाडी जो बांध उभा करून जाते, तो सगळ्यांत कठीण. तेथला बर्फ दडपलेला, ओला, मिठाने अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला असतो. तेथे पहिल्या गियरमध्ये, अर्ध्या रुंदीचा पट्टा घेत, सावकाश जावे. आणि हा बांध रस्त्याला लागून असल्याने, रस्त्यावरून येणारी मोटार बाजूच्या खिडकीतून अंधुक दिसते व इंजिनाच्या आवाजात ऐकू तर येतच नाही, हे ध्यानात घेऊन, रस्त्याच्या कडेस पोहोचण्यापूर्वी दांड्या सोडाव्यात, एक पाऊल मागे येऊन कॅबच्या बाहेर मान काढावी, दोन्ही बाजू पाहाव्यात आणि मगच पुढे जावे. दर खेपेस असे करण्याचा कंटाळा येतो खरा. परंतु कॅबने घेतलेली नजर परत मिळविण्याचा दुसरा मार्ग नाही.

बर्फ पेटीच्या उंचीपेक्षा, म्हणजे सुमारे वीस इंचांहून, अधिक साचला असेल तर तो वरून कोसळून इंजिनावर आणि कॅबच्या पुढच्या कापडावर येतो. अशा वेळी वरचा थर फावड्याने पाडून घ्यावा अथवा पट्टा अरुंद घ्यावा. पुढच्या पेटीत काय चालले आहे ह्याची जाण राखणेही महत्त्वाचे आहे. ऑगर दगडात अडकला की गियरपेटी वाचावी म्हणून शिअर पिन नावाची एक मऊ धातूची खीळ मुद्दाम तुटते, आणि त्या बाजूचा ऑगर फिरेनासा होतो. उघड्यावर चालणाऱ्याला हे समोर दिसते. कॅबमधून पेटी नीट दिसत नाही, आणि इंजिनाच्या आवाजात फारसा फरक पडत नाही. मागे वळून पाहावे: चाललेल्या पट्ट्याचा अर्धा भाग लख्ख आणि अर्धा तसाच बरबटलेला दिसला, तर खीळ तुटली असे समजावे. तिच्या जागी साधा बोल्ट ठोकू नये, कंपनीचीच खीळ घालावी. अशा दोन-तीन खिळा गॅरेजमध्ये शिलकीस असू द्याव्यात.

मागे येताना धोका निराळा. यंत्र उलट चालवीत असता पाठीशी भिंत किंवा उभी मोटार असली, तर माणूस तिच्यात आणि हँडलमध्ये चिणला जातो, आणि कॅबच्या दोन बाजूंमुळे त्याला कडेला उडी मारता येत नाही. मागे येण्यापूर्वी थांबून मागे पाहावे, वेग सर्वांत कमी ठेवावा, आणि जरासा स्पर्श जाणवला तरी हात सोडावेत. दांडी दाबून धरण्याचा त्रास वाचावा म्हणून ती प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून ठेवण्याची जी क्लृप्ती काही लोक करतात, ती कॅब असलेल्या यंत्रावर तर साक्षात आत्मघाताची आहे.

मुलांना बर्फ काढण्याच्या वेळी घरातच ठेवावे. बाजूला साचलेल्या ढिगांत बोगदे करून बसण्याची त्यांना आवड असते, आणि कॅबमधून ढिगामागचे मूल दिसत नाही. महाराष्ट्रातून मुलाबाळांकडे राहावयास आलेले वडीलधारे हौसेने मदतीस पुढे होतात; त्यांच्या हौसेचा मान राखून त्यांना चहाचे काम द्यावे, यंत्र देऊ नये. थंडीत हृदयावर पडणारा ताण आणि निसरड्या जमिनीवर जड यंत्र वळविण्याचे श्रम ही जोडी पासष्टीच्या माणसाला झेपेलच असे नाही. कॅब असली तरी पोशाखात ढिलाई नसावी: अंगावर थर, पायांत खिळ्यांच्या तळाचे बूट, कानांवर आवाज कमी करणारे झाकण. गळ्यात लोंबता मफलर अथवा ओढणी मात्र कदापि नसावी.

अडकलेला बर्फ

तपमान शून्याच्या आसपास असताना पडलेला ओला बर्फ शूटमध्ये हटकून तुंबतो, आणि ह्या यंत्रामुळे बोटे गमावणाऱ्यांपैकी बहुतेकांचा अपघात ह्याच क्षणी, हाताने तो बर्फ उकरताना, होतो. कॅबने ह्यात एक नवा मोह उत्पन्न केला आहे. आतून बाहेर येऊन, वळसा घालून पुढे जाऊन, परत येऊन इंजिन चालू करणे त्रासाचे वाटते, म्हणून इंजिन तसेच ठेवून माणूस पुढे जातो. असे करू नये. दांड्या सोडाव्यात, इंजिन बंद करावे, किल्ली काढावी, सारे फिरते भाग पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी, आणि यंत्रालाच अडकवून दिलेल्या कांडीने बर्फ काढावा. इंजिन बंद असले तरी दबलेल्या पंख्यात ताण साठलेला असू शकतो आणि अडथळा निघताच तो एक झटका घेतो. म्हणून हातमोजा घालूनही हात आत घालावयाचा नाही. पंख्यावर आणि शूटच्या आतील बाजूवर सिलिकोनचा फवारा आधीच मारून ठेवल्यास तुंबण्याचे प्रमाण कमी होते.

निगा

खिडकीवर गोठलेला बर्फ मोटारीच्या खरवडणीने खरवडू नये. प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्यातून काही दिसत नाही. मऊ ब्रशने झाडावे, कोमट साबणपाण्याने व सुती फडक्याने पुसावे. अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव ह्या प्लॅस्टिकला मानवत नाहीत, त्यांनी ते धुरकट होते. श्वासाने आतून धुके धरत असेल तर तोंड किंचित खाली ठेवून नाकाने श्वास सोडावा, आणि तोंडावरचे फडके असे बांधावे की वाफ वर जाणार नाही. तेवढ्यानेही न भागल्यास थांबून खिडकी पुसावी. अदमासाने चालत राहू नये.

काम संपल्यावर कॅबच्या छतावरचा बर्फ गॅरेजच्या बाहेरच झाडून टाकावा, पेट्रोल भरावयाचे तर इंजिन गार झाल्यावर उघड्यावर भरावे, आणि कापड कोरडे होईतो घडी घालू नये, नाहीतर वसंतात त्यावर बुरशी दिसते. मोसम संपला की कॅब उतरवून, खिडक्यांच्या दरम्यान जुनी चादर घालून, घडी न करता गुंडाळी करून, उन्हापासून दूर ठेवावी. उन्हाने प्लॅस्टिक पिवळे आणि ठिसूळ होते. अशी निगा राखली तर ती अनेक हिवाळे टिकते. ज्या वर्षी खिडकीतून समोरच्या टपालपेटीवरचा घराचा क्रमांक वाचता येईनासा होईल, त्या वर्षी खिडकी बदलावी, आणि सुटी खिडकी मिळत नसेल तर कॅब काढून उघड्यावर काम करावे. गारठा सोसण्यास कपडे आहेत. न दिसणाऱ्या माणसाच्या हाती चालते यंत्र देण्यास मात्र कोणतीही सबब पुरेशी नाही.